मत्स्यटाकीचा एलईडी वॅटवर निवडू नका

वनस्पती लावलेल्या टाकीच्या दिव्यासाठी ‘लिटरमागे अर्धा वॅट’ हा हिशेब अजूनही सर्रास सांगितला जातो. तो ट्यूबलाइटच्या काळातला. एलईडीला लागू नाही. वॅट म्हणजे दिवा किती वीज खातो, उजेड किती देतो ते नव्हे. चांगले एलईडी वॅटमागे 100 लुमेनच्या (लुमेन हे उजेडाचे माप) पुढे जातात, म्हणून या हिशेबाने घेतलेला दिवा बहुधा गरजेपेक्षा प्रखर निघतो. मग अनुबियास या पाणवनस्पतीच्या जाड, सावकाश वाढणाऱ्या पानांवर शेवाळाचे हिरवे ठिपके धरतात, नखाने खरवडूनही सहज न निघणारे. बिचारी सावलीतली वनस्पती, तिला मंद उजेडच पुरतो! पाकिटावर पाण्याच्या खोलीनुसार ‘पार’ (PAR), म्हणजे वनस्पतींच्या कामी येणारा उजेड, दिला असेल तर तळापाशी किती पोहोचतो ते बघा. सुरुवातीला टायमरवर रोज 6 ते 8 तास पुरेत.