सायकल हलकी पाहिजे की गिअर हलका?

सामान लादून पुणे-गोवा करायचं ठरलं की पहिला प्रश्न हाच, 9 किलोची रोडबाईक घ्यायची की 14 किलोची टूरिंग सायकल. दुकानात दोन्ही उचलून बघितल्या की मन रोडबाईकवरच बसतं, साहजिक आहे. पण घाटात नुसती सायकल चढत नाही ना, तुम्ही समजा 65 किलोचे, सामान आणि पाणी 11 किलो, म्हणजे खरी तुलना 85 आणि 90 किलोची.

वाईहून पाचगणीला जाणारा पसरणी घाट घ्या. साधारण 12 किलोमीटरमध्ये पावणेसहाशे मीटर चढ. 90 किलो घेऊन ताशी 8 च्या स्पीडने दीड तास लागतो, तेवढ्याच ताकदीत 85 किलोवाला पाचेक मिनिटं आधी पोचेल. ते जास्तीचे 5 किलो वर न्यायला साधारण 28 किलोज्यूल लागतात, आणि खाल्लेल्यातलं जेमतेम पाव भागच पायात उतरतं हे धरूनही हा खर्च एखाद-दुसऱ्या ग्लुकोज बिस्किटाचा. सपाटीवर तर वजनाला कोण विचारतंय, तिथे सगळी मारामारी हवेशी.

खरी मेख गिअरमध्ये आहे. बऱ्याच रोडबाईकला सगळ्यात हलका गिअर म्हणजे पुढच्या चकतीला 34 दात, मागच्या चकतीला 28, पेडलच्या एका फेरीत सायकल अडीच मीटर पुढे जाते, म्हणजे ताशी 8 ला मिनिटाला 52 फेऱ्या. टूरिंगला पुढे 26 मागे 34 असेल तर एका फेरीत 1.6 मीटर, त्याच स्पीडला 83 फेऱ्या. एकूण ताकद तेवढीच लागते, पण 52 फेऱ्यांवाल्याला प्रत्येक फेरीत दीडपटीहून जास्त जोर लावावा लागतो आणि तोही दीड तास, दुसऱ्या दिवशी गुडघे बोलतातच. टूरमध्ये दुसरा दिवस, तिसरा दिवस असतो हे लोक विसरतात.

शिवाय टूरिंगचं मागचं चाक जरा लांब बसवलेलं असतं, त्यामुळे पेडल मारताना टाच पॅनियरला, म्हणजे कॅरिअरच्या बाजूला लटकवलेल्या बॅगेला, घासत नाही. कॅरिअरसाठी फ्रेमला भोकं असतात, चाकाला 32 किंवा 36 स्पोक, आणि 35-40 मिलिमीटरचा टायर कमी हवेवर चालतो म्हणून कोकणातल्या उखडलेल्या रस्त्यावरचे हादरे हाताऐवजी टायर खातो. हाताला मुंग्या येत नाहीत ही दिवसभराच्या राईडमध्ये फार मोठी गोष्ट आहे हो.

सामान नसेल, 200 किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांबची राईड, साडेतेरा तासांत मारायची असेल तर रोडबाईकच घ्या, तिथे ती मजा देते. आणि घरी रोडबाईक आहेच, दुसरी घ्यायचं बजेट नाही, तर आधी मेकॅनिकला विचारून मागे 34 दातांपर्यंतची कॅसेट (मागच्या चकत्यांचा संच) बसते का बघा, फ्रेममध्ये मावेल तेवढा रुंद टायर टाका, आणि कॅरिअर न लावता सीटखालच्या बॅगेत मावेल एवढंच सामान घ्या.