बीटलचा क्लच बदलणे

फोक्सवॅगन बीटल या मागे इंजिन असलेल्या जर्मन मोटारीचा क्लच कोरडा आणि एकाच चकतीचा असतो. पेडलचा जोर तेलाच्या दाबाने नव्हे, तर केबलने त्याच्यापर्यंत पोहोचतो. १९३८ पासून जुलै २००३ मध्ये मेक्सिकोतील पुएब्ला इथे शेवटची गाडी बाहेर पडेपर्यंत ही मूळ रचना टिकली. सुटे भाग मात्र वर्षागणिक बदलत गेले. जुनी बीटल पुन्हा रस्त्यावर आणताना क्लचमध्ये ज्या चुका होतात, त्यांतल्या बऱ्याच या बदलांकडे दुर्लक्ष झाल्यामुळे होतात. बाकीच्या चुकांचे कारण म्हणजे झिजलेली क्लचप्लेट (घर्षणाची चकती) बदलायची, पण ती का झिजली हे न पाहताच इंजिन परत बसवायचे.

इंजिन उतरवण्याआधीची तपासणी

हँडब्रेक ओढून, चौथा गिअर टाकून, थोडा अॅक्सिलरेटर देत पेडल हळूहळू सोडले तर धड क्लच असलेली गाडी बंद पडते. इंजिन फिरतच राहिले तर क्लच घसरतो आहे. याउलट पेडल पूर्ण दाबूनही गिअर करकरत असेल, तर दोष बहुतेकदा केबलच्या बाजूला असतो. केबल गाडीच्या मधल्या बोगद्यातून एका बारीक नळीतून मागे जाते. या नळीचा वेल्ड आतल्या आत तुटला की पेडल जड होते, नळी केबलबरोबर पुढे-मागे सरकते आणि क्लच नीट सुटत नाही. अशा गाडीत नवा क्लच घातला तरी तक्रार तशीच राहते.

गाडी सोडताना हिसके बसत असतील तर आधी गिअरबॉक्सचे रबरी माउंटिंग पाहावे आणि मग बाउडन ट्यूब. बोगद्यातून बाहेर पडलेली केबल या लवचीक नळीतून गिअरबॉक्सच्या डाव्या बाजूच्या लिव्हरकडे जाते. नळीला मधोमध २५ ते ४५ मिमी झोळ हवा. त्यातून केबलला थोडे घर्षण मिळते आणि क्लच मऊ पकडतो. नळी सरळ ताणलेली असेल तर टोकाशी वॉशर वाढवून झोळ आणता येतो.

मुंबई-कोकणच्या दमट हवेत एखाद-दुसरा पावसाळा उभ्या राहिलेल्या गाडीत प्लेट गंजून फ्लायव्हीलला (इंजिनच्या टोकाशी फिरणाऱ्या जड चक्राला) चिकटलेली असू शकते. तिथे इंजिन आणि गिअरबॉक्स वेगळे करण्यापूर्वी झीज आणि गंज यांत फरक करून घ्यावा.

इंजिन उतरवणे

बीटलचे इंजिन गिअरबॉक्सला फक्त चार जागी जोडलेले असते, वर दोन बोल्ट आणि खाली दोन स्टडवर नट. चारही ठिकाणी १७ चा पाना लागतो. वरचा उजवा बोल्ट स्टार्टरही धरतो. आधी बॅटरीची अर्थ काढावी आणि पेट्रोलचा पाइप चिमट्याने बंद करावा. त्यानंतर एअर क्लीनर, अॅक्सिलरेटरची केबल, हीटरच्या दोन केबल व नळ्या, जनरेटर, कॉइल आणि ऑइल स्विचच्या तारा, आणि मागचा पत्रा सोडवावा. गाडी मागून सुमारे ९० सेंमी उचलून भक्कम जॅकस्टँडवर ठेवावी. इंजिनचे वजन साधारण शंभर किलो असते, त्यामुळे त्याच्या खाली ट्रॉली जॅक हवाच. इंजिन आधी सरळ मागे सुमारे दहा सेंमी ओढायचे आणि गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट प्लेटमधून पूर्ण सुटल्यावरच खाली आणायचे. मध्येच ते झुकले तर सगळे वजन शाफ्टवर येते आणि नव्या प्लेटचा हबही वाकतो. परत बसवतानाही हाच नियम आहे.

प्लेटवरच्या जुन्या लायनिंगमध्ये (घर्षणाच्या थरात) अॅस्बेस्टॉस असते. बेल हाउसिंगमधली (क्लचभोवतालच्या कवचातली) काळी पूड कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नये, ओल्या फडक्याने टिपून पिशवीत बंद करावी.

तेल कुठून आले

बीटलचा क्लच दोन तेलांच्या मध्ये असतो. मागे इंजिनचे तेल, पुढे गिअरबॉक्सचे. प्लेट ओली सापडली तर आधी वास घ्यावा. गिअर ऑइलला गंधकाचा उग्र वास असतो, जळक्या इंजिन ऑइलला तो नसतो. फ्लायव्हीलच्या मागे केंद्रापासून बाहेर पसरलेल्या रेषा दिसल्या तर क्रँकशाफ्टचे मुख्य सील गळते आहे. रिलीज बेअरिंगभोवती (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणाऱ्या बेअरिंगभोवती) ओल असेल तर इनपुट शाफ्टचे सील. इंजिन बाहेर असताना दोन्ही सील बदलणे स्वस्त पडते. फक्त प्लेट बदलली तर नव्या लायनिंगलाही तेच तेल लागते, आणि तेलकट झालेली लायनिंग पेट्रोलने धुऊन कधीच खात्रीने चालत नाही.

मुख्य सील बदलायचे तर फ्लायव्हील काढावे लागते. ते मधोमध एका ग्लँड नटने आणि डॉवेल पिनांनी बसलेले असते. नटला ३६ चा सॉकेट आणि लांब दांडा लागतो. बसवताना तो सुमारे ३४० न्यूटन-मीटर घट्ट करायचा असतो, हाताच्या अंदाजाने नव्हे. ढिला राहिला तर पिनांची भोके रुंदावतात आणि फ्लायव्हील व क्रँक दोन्ही वाया जातात. सीलच्या मागे तीन शिम (पातळ कडी) असतात, कायम तीनच. सील न घालता फ्लायव्हील घट्ट करून डायल गेजने क्रँकचा एंड प्ले (पुढे-मागे होणारी हालचाल) मोजावा. तो ०.०७ ते ०.१३ मिमी हवा, ०.१५ पलीकडे गेला तर शिमची जाडी बदलावी. एंड प्ले जास्त ठेवून बसवलेले नवे सीलही लवकर गळू लागते. ग्लँड नटच्या आतले सुई बेअरिंग इनपुट शाफ्टचे टोक धरते. ते निळसर पडलेले किंवा कोरडे असेल तर नटच बदलावा.

कोणता भाग कोणत्या गाडीचा

१२०० सीसीच्या इंजिनाला १८० मिमीची प्लेट, १५०० आणि १६०० ला २०० मिमीची. १३०० च्या बाबतीत फ्लायव्हील मोजूनच भाग घ्यावेत, कारण इतक्या वर्षांत इंजिने अदलाबदल झालेली असतात. ६ व्होल्टच्या फ्लायव्हीलला १०९ दाते, १२ व्होल्टच्या फ्लायव्हीलला १३०. मोठे फ्लायव्हील ६ व्होल्टच्या गिअरबॉक्समध्ये घासते आणि हाउसिंग आतून घासून जागा करावी लागते.

सर्वांत जास्त घोळ रिलीज बेअरिंगचा होतो. जुन्या गिअरबॉक्समध्ये बेअरिंग दोन स्प्रिंग क्लिपांनी क्रॉस शाफ्टच्या (लिव्हरने फिरणाऱ्या आडव्या दांड्याच्या) फोर्कला अडकते आणि प्रेशर प्लेटच्या, म्हणजे क्लचप्लेट फ्लायव्हीलवर दाबून धरणाऱ्या भागाच्या, मधल्या कड्यावर दाब देते. १९७१ मॉडेलपासून बेअरिंग एका नळीवर सरकते आणि प्रेशर प्लेटला ते कडे नसते. जुन्या बेअरिंगपुढे बिनकड्याची प्रेशर प्लेट बसवली तर बेअरिंग मध्यावर राहत नाही, आणि नव्या बेअरिंगपुढे कडे आले तर मोकळी जागा उरत नाही. दुकानातून आणलेला संच डब्यावरच्या नावावरून नव्हे, तर जुन्या भागांशेजारी ठेवून पडताळावा. रिलीज बेअरिंग बंद डब्यासारखे असते. ते रॉकेल-पेट्रोलमध्ये बुडवले तर आतले ग्रीस निघून जाते. त्याच वेळी क्रॉस शाफ्टचे बुश हलवून पाहावेत. बुश झिजले की शाफ्ट तिरका होतो, बेअरिंग एका अंगाने दाबते आणि पेडलच्या चालीतला काही भाग वाया जातो.

बसवणी

फ्लायव्हीलच्या घर्षणपृष्ठावर निळे डाग आणि बारीक भेगा असतील तर ते लेथवर द्यावे. पृष्ठ जितके खरवडले तितकीच प्रेशर प्लेट बसते ती कडही खरवडावी लागते, नाहीतर प्रेशर प्लेटचा दाब कमी होतो. कामगाराला हे आधीच सांगावे. प्लेटचा स्प्रिंग असलेला उंच भाग गिअरबॉक्सकडे येतो. शाफ्टच्या दात्यांवर मॉलिब्डेनम ग्रीसचा केवळ पुसट थर द्यावा, जास्त झाले तर ते लायनिंगवर फेकले जाते. प्लेट मध्यावर धरायला जुना इनपुट शाफ्ट सर्वोत्तम, नसेल तर त्याच मापाचा लाकडी दांडा सुताराकडून करून घ्यावा. प्रेशर प्लेटचे सहा बोल्ट समोरासमोर, एकेक-दोन फेरे देत शेवटी २५ न्यूटन-मीटरपर्यंत आवळावेत. एकीकडून आवळत गेले तर कव्हर वाकते आणि गाडी पहिल्याच दिवशी थरथरते.

इंजिन ढकलताना दाते जुळत नसतील तर गाडी गिअरमध्ये ठेवून मागून कुणीतरी पुली हळू फिरवावी. उरलेले अंतर चार नट ओढून भरायचे नाही. हाताने दोन्ही तोंडे टेकली की मगच नट लावायचे आणि ३० न्यूटन-मीटरला आवळायचे.

शेवटी केबलच्या पंखाच्या नटने पेडलला १० ते २० मिमी मोकळी चाल द्यावी. लायनिंग झिजते तशी ही चाल कमी होत जाते. शून्य झाली की बेअरिंग सतत फिरते आणि क्लच घसरू लागतो, म्हणून नव्या प्लेटवर पहिल्या पाचशे किलोमीटरनंतर ती पुन्हा मोजावी.