दरपत्रकातला ₹ छापताना कुठे जातो?

मॅटर पाठवण्याआधी वाचावे

‘आमच्या कॉम्प्युटरवर तर नीट दिसत होतं!’ प्रूफ हातात घेतल्यावर काउंटरवर हमखास ऐकू येणारे हे वाक्य खरे असते. तुमच्याकडे ‘मिसळ ₹१२०’ दिसत होते आणि आमच्याकडे तीच फाइल उघडली की ‘मिसळ `१२०’ येते. आकड्याच्या डोक्याशी एक तिरपी बारीक रेघ, तिला बॅकटिक म्हणतात. मेनूकार्ड असो, क्लासचे फीपत्रक असो की मंडळाचा अहवाल, आमचा सर्वांत जास्त वेळ या एका रेघेपायी जातो.

फाइलमध्ये अक्षरांची चित्रे नसतात, क्रमांक असतात. कुठल्या क्रमांकाला कुठले चित्र दाखवायचे एवढेच फॉन्टचे काम. रुपयाचे चिन्ह सरकारने जुलै २०१० मध्ये स्वीकारले आणि युनिकोडमध्ये (सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना ठरावीक क्रमांक देणाऱ्या जागतिक यादीत) त्याला स्वतःचा क्रमांक त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मिळाला. तेवढे थांबायला कोणी तयार नव्हते. त्यामुळे काही फॉन्ट असे निघाले, ज्यांत १ च्या डावीकडच्या कळीवरचा बॅकटिक काढून तिथे ₹ चे चित्र बसवलेले होते. क्रमांक बॅकटिकचाच राहिला. मांडणी करताना आम्ही फॉन्ट बदलला (तो बदलावाच लागतो, पैसे त्याचेच घेतो) की चित्र उडते आणि बॅकटिक उघडा पडतो. विंगडिंग्ज या चित्रांच्या फॉन्टमधल्या टेलिफोनचेही तेच. तो मुळात एक सुरू होणारा कंस आहे, म्हणून पत्त्याखाली फोन नंबरच्या आधी कधीच न मिटणारा कंस छापून येतो.

‘मग तुम्हीच सगळे बॅकटिक शोधून ₹ घाला की, किती वेळ लागतो?’ दोन सेकंद. पण मजकूर कृतीदेव या जुन्या फॉन्टमध्ये असेल तर तिथे बॅकटिक म्हणजे ऋकाराची खूण. सरसकट बदल केला तर ‘कृपया’चे ‘क₹पया’ होते आणि सत्कारमूर्तींच्या नावातला ‘कृष्ण’ही सुटत नाही. म्हणून हे काम आम्ही डोळ्यांखालून घालतो, आणि म्हणून त्याचे वेगळे पैसे लागतात.

कृतीदेवसारखे जुने मराठी फॉन्ट याच युक्तीवर उभे आहेत. त्यात ‘भारत’ लिहिला तर फाइलमध्ये एच, के, के, जे, आर ही पाच इंग्रजी अक्षरे जातात: एच म्हणजे भ चा अर्धा भाग, पहिला के त्याचा दंड, दुसरा के काना. फॉन्ट नसला की तीच पाच अक्षरे दिसतात. युनिकोडमध्ये भ, काना, र आणि त असे चारच क्रमांक असतात आणि ते कुठल्याही फॉन्टमध्ये तेच राहतात.

तुमचा मजकूर कसला आहे हे पाहायला आमच्याकडे यायची गरज नाही. मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये पेस्ट करा. तिथे फॉन्टची सजावट उतरते. ₹ जागेवर राहिला आणि मराठी मराठीच दिसली, तर फाइल निर्धास्त पाठवा.

खरा ₹ टाइप करायला विंडोजमध्ये ‘इंग्लिश (इंडिया)’ कीबोर्ड निवडून उजवा ऑल्ट धरून ४ दाबा. वर्डमध्ये २०बी९ लिहून लगेच ऑल्ट-एक्स दाबले तरी चालते, फक्त कीबोर्ड इंग्रजीवर हवा. देवनागरी आकडे टाकलेत तर काहीच होणार नाही. बाकीची चिन्हे ऑल्ट धरून उजवीकडच्या आकड्यांच्या पॅडवर मिळतात: अंश ° साठी ०१७६, गुणिले × साठी ०२१५, ½ साठी ०१८९. आधीचे शून्य गाळू नका. ते गाळले की डॉसच्या काळातली जुनी यादी वापरली जाते आणि अंशाच्या जागी ठिपक्यांचा चौकोन येतो. पॅड नसलेल्या लॅपटॉपवर वरच्या ओळीतले आकडे यासाठी चालत नाहीत. तिथे विंडोजची कळ धरून पूर्णविराम दाबा, चिन्हांचा तक्ता उघडेल.

मराठीच्या काही खास खोडी आहेत. टाइपरायटरवर शिकलेले लोक पहिली वेलांटी अक्षराच्या आधी दाबतात. युनिकोडमध्ये ती अक्षरानंतरच येते, नाहीतर ठिपक्यांचे वर्तुळ दिसते. ‘वेळ’पुढे अपूर्णविरामाऐवजी विसर्ग टाकू नका, मोठ्या ठशात तो लगेच कळतो. आणि ‘ऱ्या’! इनस्क्रिप्ट या मराठी कीबोर्डवर साधा र जे कळीवर आहे, आपल्याला हवा तो शिफ्ट-जे. त्यानंतर हलन्तासाठी डी, मग य. साधा र घेतलात तर त्याचा रफार होतो आणि जमाखर्चात ‘आचाऱ्यांचे मानधन’ऐवजी ‘आचार्यांचे मानधन’ छापले जाते. हे स्पेलचेकला सापडत नाही, कारण दोन्ही शब्द बरोबर आहेत.

वर्गणीदारांची यादी सीएसव्ही फाइलमध्ये (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेल्या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये) असेल तर ती दोनदा क्लिक करून एक्सेलमध्ये उघडू नका. मराठी नावांच्या जागी टोप्या घातलेली रोमन अक्षरे दिसली तर घाबरू नका आणि सेव्हही करू नका. डेटा मेनूतल्या ‘फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही’मधून ती फाइल घ्या आणि ‘६५००१ : युनिकोड (यूटीएफ-८)’ निवडा, नावे परत येतात. चौकोन दिसत असतील तर सहसा फक्त फॉन्ट कमी पडतो आहे, मजकूर शाबूत असतो. पण ओळीने प्रश्नचिन्हे दिसली तर युनिकोड नसलेल्या पद्धतीने कोणीतरी सेव्ह केलेले असते आणि त्या फाइलमधून नावे कोणालाच परत काढता येत नाहीत. मूळ यादीच आणावी लागेल.

पीडीएफ जशीच्या तशी छापायची असेल तर उत्तम. त्यात दुरुस्ती करायची असेल तर सोबत मूळ वर्ड फाइल द्या. व्हॉट्सॲपवरचा मजकूर चालतो, ठळक करण्यासाठी घातलेले तारे मात्र काढून पाठवा.

जुन्या फॉन्टमधला मजकूर आम्ही युनिकोडमध्ये करून देतो, पानामागे ३० रुपये. फुकट कन्व्हर्टर इंटरनेटवर आहेत, जरूर वापरा. मात्र ते मजकुरातल्या इंग्रजी नावांचे आणि ईमेल पत्त्यांचेही मराठी करून टाकतात, तेव्हा नंतर वाचून काढायला माणूस लागतोच. आमच्या दरात ते वाचन आणि एक प्रूफ धरलेले आहे. झालेली फाइल तुम्हालाही देतो, म्हणजे पुढच्या वर्षी अहवालात फक्त आकडे बदलायचे.

गणपतीच्या आधीच्या पंधरवड्यात रूपांतराला दोन दिवस जास्त धरा. वरच्या सगळ्या चिन्हांचे एक पान तयार आहे, त्यातून कॉपी करून घेता येते. काउंटरवर मागा, मोबाइलवर लगेच पाठवू.