पानावरची पांढरी पावडर आणि बुरशी खाणारी बुरशी

परवा परत तो मेसेज आला. एका ड्रमात मोरचूद (म्हणजे कॉपर सल्फेट, तांब्याचा क्षार), दूध आणि ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीवर वापरतात ते जिवंत औषध) एकत्र ढवळा, फवारा, कुठल्याही पिकावरची कुठलीही बुरशी ३ दिवसांत गायब, शंभर टक्के ऑरगॅनिक. पाठवणाऱ्याला मी विचारलं, कुठली बुरशी? तर म्हणे, अरे बुरशी म्हणजे बुरशी, पांढरी पांढरी असते ती.

सगळा घोळ इथेच आहे. पानावर पांढरं दिसलं तरी भुरी हा रोग वेगळा आणि केवडा हा रोग वेगळा. भुरी म्हणजे पानावर पीठ सांडल्यासारखी दिसते, बोटाने पुसली तर निघते. केवडा आला की पानाच्या वरच्या बाजूला पिवळट डाग पडतात आणि पान उलटं केलं की त्याच जागी खाली बारीक लव दिसते. आणि गंमत म्हणजे केवडा ही खरी बुरशीच नाही! खऱ्या बुरशीच्या पेशीची भिंत मुख्यतः कायटिन आणि ग्लुकन यांची असते, कायटिन म्हणजे झुरळाच्या कवचात असतं तेच. केवड्याच्या भिंतीत मात्र सेल्युलोज असतं आणि नात्याने तो समुद्रातल्या तपकिरी शेवाळाच्या जवळचा. केवड्याच्या बऱ्याच जातींचे बीजाणू तर शेपट्या हलवत चक्क पोहतात, त्यामुळे पानावर पाण्याचा पातळ थर असल्याशिवाय त्यांचं काही चालत नाही. भुरीचं उलट, तिचे बीजाणू स्वतःचं पाणी सोबत घेऊन फिरतात, हवा दमट असली की झालं, पान कोरडं असलं तरी रुजतात. म्हणून पानं कोरडी ठेवूनसुद्धा भुरी कशी आली असं लोक विचारतात तेव्हा ते खोटं बोलत नसतात.

औषधंही त्यामुळेच वेगळी. गंधक भुरीवर चालतं, केवड्यावर नाही (आणि कडक उन्हात मारलं तर पानंच भाजतात). दुधाची गोष्टही अगदीच थाप नाही, ब्राझीलमध्ये बेत्तिओल यांनी १९९९ मध्ये झुकिनीवरच्या भुरीवर पातळ केलेलं दूध फवारून चांगला परिणाम दाखवला होता. पण तो भुरीवर, म्हणून केवड्यावर तेच चालेल असं धरायचं नाही. केवड्याला तांबं. १८८२ मध्ये फ्रान्समधल्या मेडॉक भागात मिलार्दे नावाच्या शास्त्रज्ञांना दिसलं की रस्त्याकडेच्या द्राक्षवेलींवर केवडा नाही. तिथे मालकांनी चोरांनी द्राक्षं खाऊ नयेत म्हणून मोरचूद आणि चुना शिंपडला होता! त्यातून बोर्डो मिश्रण आलं आणि आजही सेंद्रिय शेतीत ते चालतं. पण सेंद्रिय म्हणजे निर्धोक असं डोक्यात असेल तर ते काढून टाका, तांबं हे मूलद्रव्य आहे, ते कुजत नाही, मातीत साठत जातं आणि गांडुळांना त्रास देतं. युरोपियन युनियनने म्हणूनच हेक्टरी ७ वर्षांत २८ किलोची मर्यादा घातलीये.

बाकी करपा, फळांवरची करडी बुरशी वगैरेंचं गणित बहुतेक वेळा पान किंवा फूल सलग किती तास ओलं राहिलं यावर असतं. मिल्स यांनी १९४४ मध्ये सफरचंदाच्या स्कॅब या बुरशीच्या रोगासाठी तापमान आणि ओलाव्याचे तास यांचा तक्ताच करून ठेवला. त्यामुळे पाणी सकाळी द्या, पानांवर न देता मुळाशी द्या, झाडांत अंतर ठेवा, गर्दीच्या फांद्या छाटा, रोगट पानं उचलून बाहेर काढा. कुणी चंद्राची कला बघून फवारणी करायला सांगितली तर सांगा, बीजाणू वर बघत नाही, ओलावा मोजतो.

आता माझ्या आवडीचा भाग. ट्रायकोडर्मा ही स्वतः एक बुरशी आहे आणि ती दुसऱ्या बुरशा खाते. १९३२ मध्ये वाइंडलिंग यांनी तिला रायझोक्टोनिया या मुळं कुजवणाऱ्या बुरशीवर जगताना पाहिलं. ती करते काय, तर आधी थोडी थोडी एन्झाइम्स आजूबाजूला सोडत राहते, समजा अंधारात हात चाचपडल्यासारखं. जवळ दुसऱ्या बुरशीचा धागा असला की त्याच्या भिंतीचे बारीक तुकडे सुटतात, ते तुकडे मातीतल्या ओलाव्यातून पसरत ट्रायकोडर्मापर्यंत येतात आणि तिला कळतं की शिकार आहे. मग तिच्या पेशीत कायटिनेज, ग्लुकनेज अशा, कायटिन आणि ग्लुकन तोडणाऱ्या एन्झाइम्सची जीन्स चालू होतात, ती त्या दिशेने वाढते, सावजाच्या धाग्याभोवती वेटोळे घालते, चिकटते, भिंतीला भोकं पाडते आणि आतला माल पिऊन टाकते. मायक्रोस्कोपखाली ती भोकं नंतरही दिसतात. पिथियम म्हणजे कोवळी रोपं कोलमडवणारा, केवड्याचा भाऊबंद, त्याच्या भिंतीत ग्लुकन आणि सेल्युलोज असतं, तर ट्रायकोडर्माकडे सेल्युलोज तोडणारं सेल्युलेजही आहेच. तिची एक बहीण ट्रायकोडर्मा रिसाय दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर सैन्याचं सुती कापड कुजवताना सापडली, आज कारखान्यात सेल्युलेज बनवायला तिचाच वंश वापरतात.

शिवाय ती मुळांवर नुसती वस्ती करून राहिली तरी झाडाची स्वतःची प्रतिकारशक्ती जागी होते आणि त्याचा फायदा पानांपर्यंत पोचतो, म्हणजे शिकार हा तिच्या कामाचा एकच भाग. पण ती जिवंत आहे हे लोक विसरतात. तिला ओल लागते, कुजलेलं शेणखत लागतं, वेळ लागतो. म्हणून बी लावतानाच बियाण्याला चोळा किंवा खतात मिसळून मातीत द्या, झाड मरायला टेकल्यावर ओतून काही होत नाही. उन्हात तापलेल्या पानावर ती फार टिकत नाही, भुरीला खाणारी बुरशी वेगळी आहे, तिचं नाव अँपेलोमायसीस. आणि अळिंबीच्या (मशरूमच्या) शेडमध्ये तर ट्रायकोडर्मा घुसली की पीक गेलंच, कारण अळिंबीही बुरशीच, ट्रायकोडर्माला काय फरक पडतो.

राहिला तो ड्रम. मोरचूद बुरशी मारतं म्हणून वापरायचं आणि त्याच पाण्यात जिवंत बुरशी सोडायची. मी पाठवणाऱ्याला एवढंच लिहिलं, यातलं कोण कोणाला मारणार ते आधी ठरव. अजून ब्लू टिक आलेली नाही.