क्लच खेळ (बेसबॉल)

सामन्याचा निकाल ज्या क्षणावर लटकलेला असतो, त्या क्षणी खेळाडूने केलेल्या कामगिरीला अमेरिकी बेसबॉलमध्ये ‘क्लच’ म्हणतात. नववी, म्हणजे एरवी शेवटची इनिंग, एका धावेची पिछाडी, धावेच्या चार टप्प्यांपैकी दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसवर रनर, तीनपैकी दोन गडी बाद. अशा वेळी हिट काढणारा, म्हणजे चेंडू मारून सुखरूप बेस गाठणारा, तो क्लच खेळाडू. अशा वेळी ज्याचे हात आखडतात तो चोकर. इलियास स्पोर्ट्स ब्युरो या आकडेवारी संस्थेने १९८० च्या दशकात अशा प्रसंगाची काटेकोर व्याख्याही केली: सातवी किंवा त्यापुढची इनिंग, आणि फलंदाजाचा संघ बरोबरीत किंवा तीन धावांपर्यंत मागे, तिन्ही बेस भरलेले असतील तर चार धावांपर्यंत.

चाहत्यांमध्ये यावरून दोन वाद चालतात. असा गुण खरोखर असतो का, हा पहिला. असलाच तर तो नवोदित खेळाडूत ओळखता किंवा घडवता येतो का, हा दुसरा. दोन्हींच्या मुळाशी प्रश्न एकच आहे: चार-दोन प्रसंग पाहून एखाद्या खेळाडूबद्दल किती खात्रीने बोलावे? मराठी वाचकाला हा वाद परका वाटू नये. १९९९ च्या चेन्नई कसोटीत सचिन तेंडुलकर १३६ धावांवर बाद झाला, भारत १२ धावांनी हरला आणि ‘मोक्याच्या वेळी सचिन’ हा विषय आपल्याकडे वर्षानुवर्षे पुरला.

क्लच या कल्पनेला बळ मिळाले ते वर्ल्ड सिरीज या हंगामाच्या अंतिम मालिकेतल्या दंतकथांमुळे. १८ ऑक्टोबर १९७७ रोजी न्यूयॉर्क यांकीजच्या रेजी जॅक्सनने लॉस एंजेलिस डॉजर्सविरुद्धच्या सहाव्या सामन्यात तीन वेगवेगळ्या पिचरांच्या (गोलंदाजांच्या) पहिल्याच चेंडूवर होमरन (चेंडू थेट मैदानाबाहेर) मारले आणि ‘मिस्टर ऑक्टोबर’ हे नाव त्याला कायमचे चिकटले. वर्ल्ड सिरीजमधली त्याची बॅटिंग सरासरी, म्हणजे पाळ्यांमागे हिटांचे प्रमाण, ०.३५७ आहे, एकूण कारकिर्दीतली ०.२६२. एवढ्यावर कोणीही म्हणेल की हा गडी दडपणाखाली फुलतो. पण वर्ल्ड सिरीजच्या आधी लीगचे विजेतेपद ठरवणारी मालिका असते, तीही ऑक्टोबरमध्येच. त्या मालिकांत जॅक्सनची सरासरी ०.२२७ होती. ही बाजू दंतकथेत कोणी सांगत नाही.

विली मेझची गोष्ट याच्या उलट. ३ ऑक्टोबर १९५१ रोजी न्यूयॉर्क जायंट्सच्या बॉबी थॉमसनने ब्रुकलिन डॉजर्सविरुद्ध शेवटच्या इनिंगमध्ये होमरन मारून संघाला लीगचे विजेतेपद मिळवून दिले. त्या वेळी पुढच्या पाळीसाठी २० वर्षांचा मेझ तयार उभा होता. आपल्यावर पाळी येऊ नये असेच तेव्हा वाटत होते, हे त्याने पुढे स्वतःच सांगितले. वर्ल्ड सिरीजमध्ये त्याची सरासरी ०.२३९ राहिली, होमरन एकही नाही. तरीही मेझला चोकर म्हणणारा चाहता शोधून सापडणार नाही. १९५४ च्या सिरीजमध्ये विक वर्ट्झचा उंच फटका त्याने पाठमोरा धावत जाऊन झेलला, तेवढे एक दृश्य पुरेसे ठरले.

दंतकथांची जागा आकड्यांनी घ्यावी, असे प्रयत्नही झाले. मेजर लीग या सर्वोच्च स्तराच्या लीगने १९८० मध्ये ‘सामना जिंकून देणारी धाव’ असा अधिकृत रकानाच सुरू केला. संघाला शेवटपर्यंत टिकणारी आघाडी ज्याच्या फलंदाजीमुळे मिळाली, त्याच्या नावावर ती नोंद. अडचण पहिल्याच हंगामात दिसली असणार: १०-० असा जिंकलेला सामना घेतला, तर पहिल्या इनिंगमध्ये पहिली धाव मिळवून देणाराच ‘सामना जिंकून देणारा’ ठरतो. १९८८ नंतर हा रकाना गुपचूप काढून टाकण्यात आला.

त्याआधीच, १९७७ मध्ये, डिक क्रेमर या संशोधकाने बेसबॉल संशोधन संस्थेच्या वार्षिकात एक साधा प्रश्न विचारला होता. १९६९ च्या हंगामात मोक्याच्या क्षणी चांगले खेळलेले फलंदाज १९७० मध्येही तसेच खेळले का? उत्तर आले, नाही. दोन वर्षांच्या आकड्यांत संबंध जवळजवळ दिसेना. गुण अंगचा असेल तर तो दुसऱ्या वर्षीही दिसायला हवा, असा क्रेमरचा मुद्दा होता. तेव्हापासून आकडेवारीवाले एका बाजूला आणि मैदानावरचे प्रशिक्षक व जुने खेळाडू दुसऱ्या बाजूला, अशी फळी पडली.

यामागचे गणित अवघड नाही. नियमित खेळणाऱ्या फलंदाजाला हंगामात साधारण सहाशे वेळा पाळी मिळते. खऱ्या अर्थाने आणीबाणीच्या त्यांतल्या शंभर धरा. ज्याची खरी कुवत ०.२७० आहे, त्याची शंभर पाळ्यांमधली सरासरी निव्वळ योगायोगाने ०.२२६ ते ०.३१४ अशी कुठेही जाऊ शकते. तीनांतला एक तर या पट्ट्याच्याही बाहेर जातो. म्हणजे दडपणाचा काहीही परिणाम होत नसलेल्या खेळाडूंच्या गर्दीतूनही दरवर्षी काही ‘वाघ’ आणि काही ‘ससे’ आपोआप निघणार. शिवाय परिस्थितीचाही आकड्यांवर परिणाम होतो. पहिल्या बेसवर रनर असला की त्याला धरून ठेवण्यासाठी फिल्डर बेसला चिकटून उभा राहतो आणि उजवीकडे फट पडते, तेव्हा सगळ्यांचेच हिट वाढतात. उलट नवव्या इनिंगमध्ये समोर प्रतिस्पर्ध्याचा सर्वांत ताज्या दमाचा पिचर असतो, तेव्हा सगळ्यांचीच सरासरी घसरते.

पुढे आकडेवारीतज्ज्ञ टॉम टँगोने ‘लेव्हरेज इंडेक्स’ हे माप तयार केले. प्रत्येक पाळीला सामन्याच्या निकालात किती वजन आहे ते हा आकडा सांगतो. सरासरी पाळीचे वजन १. निकाल लागल्यातच जमा असेल तर ते शून्याजवळ येते. शेवटची इनिंग, एका धावेची पिछाडी, तिन्ही बेस भरलेले आणि दोन बाद असे असेल तर दहाच्या आसपास जाते. या मापावर आधारलेला क्लचचा आकडा खेळाडूची तुलना दुसऱ्याशी करत नाही, त्याच्या स्वतःच्याच एरवीच्या खेळाशी करतो. त्यामुळे सदासर्वदा उत्तम खेळणाऱ्या महान फलंदाजाचा क्लच आकडा शून्य किंवा उणेही येतो, आणि चाहते भडकतात. त्यांचा राग अगदीच चुकीचा म्हणता येत नाही. चाहत्याला ‘एरवीपेक्षा जास्त’ नको असते, त्याला त्या क्षणी हिट हवा असतो.

टँगो, मिचेल लिक्टमन आणि अँड्र्यू डॉल्फिन यांनी अनेक हंगामांच्या नोंदी तपासल्यावर मध्यममार्गी उत्तर निघाले. दडपणाखाली काही खेळाडू खरोखर वेगळे खेळतात, पण फरक किती? साधारण सहांतला एक फलंदाज बेसवर पोहोचण्याचे प्रमाण ०.००८ किंवा त्याहून जास्त वाढवतो, तितकेच जण तेवढे घालवतात. हजार पाळ्यांत आठ. एवढा फरक प्रेक्षकाच्या डोळ्यांना दिसणे अशक्य. कोणता खेळाडू कोणत्या गटातला, हेही खात्रीने सांगता येत नाही. बेसबॉल आकडेवारीवर लिहिणारे बिल जेम्स यांनी २००० च्या दशकाच्या मध्यावर याहून महत्त्वाची शंका काढली: क्रेमरची पद्धतच इतकी बोथट आहे की गुण असता तरी तिला सापडला नसता. धुक्यात काही दिसले नाही म्हणजे तिथे काही नाही, असे होत नाही. या वादातले सर्वांत प्रामाणिक वाक्य कदाचित हेच.

यांकीजच्या दोन खेळाडूंवर या वादाची शाई सर्वाधिक खर्ची पडली असेल. डेरेक जीटर ‘मिस्टर नोव्हेंबर’. त्याची कारकिर्दीतली सरासरी ०.३१०, निर्णायक, म्हणजे नियमित हंगामानंतरच्या मालिकांमधल्या १५८ सामन्यांत ०.३०८. तो दडपणाखाली उंचावत नव्हता, दडपणाखालीही जीटरच राहत होता. त्याचा शेजारी अॅलेक्स रॉड्रिग्ज मात्र २००६ मध्ये डेट्रॉइटविरुद्ध १४ पैकी एकच हिट काढू शकला. व्यवस्थापक जो टॉरे यांनी त्याला आठव्या क्रमांकावर ढकलले आणि ‘याच्यात दमच नाही’ हा निकाल पक्का झाला. २००९ मध्ये त्याच खेळाडूने निर्णायक मालिकांत सहा होमरन मारले आणि यांकीज जिंकले. बॅरी बाँड्सचेही तसेच: २००० पर्यंत अशा मालिकांतल्या ९७ पाळ्यांत ०.१९६, मग २००२ च्या एका ऑक्टोबरमध्ये आठ होमरन.

नवोदितांच्या बाबतीत हा घाईचा निकाल महागात पडतो, कारण त्यांच्याकडे मागे टाकायला कारकीर्दच नसते. १९५१ मध्येच न्यूयॉर्कच्या दोन संघांत दोन पोरे आली. मेझला पहिल्या १२ पाळ्यांत एकही हिट मिळाला नाही. व्यवस्थापक लिओ ड्युरोशर यांनी त्याला संघातच ठेवले आणि तो त्या वर्षीचा सर्वोत्तम नवोदित ठरला. यांकीजचा १९ वर्षांचा मिकी मँटल जुलैमध्ये कॅन्सस सिटीच्या दुय्यम संघात परत पाठवला गेला, ऑगस्टमध्ये परतला आणि तोही महान झाला. ‘पोराला खेळू द्या’ आणि ‘पोराला खाली पाठवा’ या दोन्ही पक्षांना एकाच वर्षी एकेक दाखला मिळाला.

दुय्यम संघांची ही उतरंड १९२० च्या दशकात सेंट लुइस कार्डिनल्सच्या ब्रँच रिकी यांनी उभी केली. २०२१ पासून मेजर लीगच्या ३० संघांचे चार-चार पूर्ण हंगामी दुय्यम संघ आहेत, शिवाय अगदी नवख्यांच्या लीग आणि डॉमिनिकन प्रजासत्ताकातल्या अकादमी, जिथे सोळाव्या वर्षी करार होतात. या पायऱ्यांवर जिंकणे हा हेतूच दुय्यम असतो. पिचरला ‘आज बदलत्या वेगाचाच चेंडू टाक’ असे सांगितलेले असते, मग सामना हातातून गेला तरी चालेल. त्याच्या चेंडूंची संख्या ठरलेली असते. ती भरली की ऐन रंगात त्याला बसवतात. म्हणून दुय्यम लीगमध्ये अमुक मुलगा मोक्याला चमकला, या दाव्याला फारसा अर्थ उरत नाही. पारखी मंडळी फटका, ताकद, धाव, झेल आणि फेक यांना २० ते ८० गुण देतात; स्वभावाबद्दल मात्र शब्दांतच लिहितात.

तरुणाला जपायचे की आजच्या विजयासाठी विकायचे, या प्रश्नावरचा अभिजात दाखला डेट्रॉइट टायगर्सचा. ऑगस्ट १९८७ मध्ये त्यांनी अनुभवी पिचर डॉयल अलेक्झांडरला घेण्यासाठी २० वर्षांचा जॉन स्मोल्ट्झ अटलांटा ब्रेव्ह्जला दिला. स्मोल्ट्झचा त्या हंगामातला दुय्यम लीगमधला हिशोब चार विजय, दहा पराभव असा होता. कोणाला हळहळ वाटली नाही. अलेक्झांडरने उरलेल्या हंगामात नऊ सामने जिंकले, एकही हरला नाही, टायगर्स गटात पहिले आले. मग मिनेसोटाविरुद्धच्या लीग मालिकेत, ज्या प्रसंगासाठी त्याला आणले होते त्याच प्रसंगी, तो दोन्ही सामने हरला. स्मोल्ट्झने पुढे निर्णायक मालिकांत १५ विजय मिळवले, चार हरले, आणि २०१५ मध्ये त्याला हॉल ऑफ फेमचा मान मिळाला. दडपणाला सिद्ध झालेला अनुभवी कोसळला आणि कच्चा ठरवलेला पोरगा त्या काळातल्या सर्वांत भरवशाच्या पिचरांत गणला गेला. यातून नियम काढण्याचा मोह अर्थात टाळावा. ही एकच अदलाबदल आहे. मिनेसोटानेच डिसेंबर २००२ मध्ये डेव्हिड ऑर्टिझला सोडून दिले होते. बोस्टन रेड सॉक्सने त्याला उचलले, आणि २००४ मध्ये यांकीजविरुद्ध ०-३ अशा पिछाडीवरून संघाला वर काढणारे हिट त्याच्याच बॅटमधून आले.

‘पोरगा अजून तयार नाही’ या वाक्यामागे कधीकधी खेळाचा संबंधच नसतो. मेजर लीगमध्ये सहा वर्षे सेवा झाली की खेळाडू कोणत्याही संघाशी करार करायला मोकळा होतो आणि १७२ दिवसांचे एक सेवा-वर्ष धरतात. शिकागो कब्जचा क्रिस ब्रायंट २०१५ च्या सराव सामन्यांत नऊ होमरन मारूनही हंगामाच्या सुरुवातीला आयोवाच्या दुय्यम संघात पाठवला गेला. क्षेत्ररक्षण सुधारायचे आहे, असे क्लबने सांगितले. १७ एप्रिलला तो वर आला तेव्हा त्या वर्षीचे त्याचे दिवस १७१ होणार होते, एक कमी. म्हणजे तो मोकळा होणार एक वर्ष उशिरा. त्या वर्षी तो सर्वोत्तम नवोदित ठरला, पुढच्या वर्षी लीगचा सर्वोत्तम खेळाडू, आणि २०१६ च्या वर्ल्ड सिरीजच्या सातव्या सामन्यात बरोबरीमुळे लांबलेल्या दहाव्या इनिंगचा अखेरचा चेंडू पाय घसरत असताना उचलून त्यानेच पहिल्या बेसकडे फेकला. त्या एका दिवसाविरुद्धची त्याची तक्रार २०२० मध्ये फेटाळली गेली. २०२२ च्या करारात मात्र तरतूद आली की सर्वोत्तम नवोदिताच्या मतदानात पहिल्या दोघांत आलेल्या खेळाडूला, तो कितीही उशिरा वर आला असला तरी, पूर्ण वर्ष मोजून मिळेल.