मुंबईतील घरगुती सॉसेज : शिरक्यापासून फ्रिजपर्यंत

सॉसेज हा पदार्थ मुंबईला काही शतकांपासून ठाऊक आहे, परंतु न्याहारीसाठी ताजे सॉसेज घरच्या घरी करणे येथे अलीकडे शक्य झाले आहे. याचे कारण बऱ्याच अंशी येथील हवामानात आहे. इंग्लंड-अमेरिकेत न्याहारीला खाल्ले जाणारे सॉसेज म्हणजे डुकराचे मांस आणि चरबी यांच्या खिम्यात मीठ, मिरी व सेजची सुगंधी पाने मिसळून केलेला कच्चा पदार्थ होय. इंग्रज त्यात पावाचा किंवा रस्कचा चुरा घालतात, तर अमेरिकेत तो आतड्यात न भरता चपट्या टिक्कीच्या रूपातही तळला जातो. हे मांस वाळवलेले नसते, धुरावलेले नसते आणि आंबटही नसते; त्यामुळे ते टिकते ते केवळ थंडीच्या बळावर. युरोपात थंडी सुरू झाली की डुकरे कापली जात, त्यांतले काही मांस ताजे खाल्ले जाई आणि उरलेले मीठ-धुराने टिकवले जाई. कोकण किनाऱ्यावर असा ऋतूच नाही.

म्हणूनच येथे आधी रुजले ते टिकाऊ सॉसेज. पोर्तुगालमध्ये शोरिसू नावाचे सॉसेज वाइन, लसूण आणि तांबड्या मिरचीची पूड लावून करतात. गोव्यात वाइनची जागा माडाच्या ताडीपासून केलेल्या शिरक्याने घेतली. पोर्तुगीजांबरोबरच अमेरिका खंडातून आलेली मिरची सढळ हाताने पडू लागली आणि तिच्या सोबतीला हळद, जिरे, मिरी, लवंग, दालचिनी, आले व लसूण शिरक्यात वाटले जाऊ लागले. मांसाचे लहान तुकडे मीठ लावून ठेवायचे, सुटलेले पाणी काढून टाकायचे, त्यांना मसाला चोळून ते मुरवायचे, मग स्वच्छ केलेल्या आतड्यात भरून दोऱ्याने मण्यांसारख्या गाठी मारायच्या आणि उन्हात किंवा चुलीवरच्या धुरात वाळवायचे, असा हा क्रम आहे. त्यातील प्रत्येक पायरीला कारण आहे : मीठ आणि ऊन मांसातील पाणी कमी करतात, शिरका आम्लता वाढवतो आणि धूर वरचा थर कोरडा ठेवतो. पावसाळ्याची बेगमी म्हणून गोव्यात मे महिन्यात भरणाऱ्या पुरुमेंताच्या फेस्तांत या माळा आजही विकल्या जातात. मोजमापाची साधने हाताशी नसताना दमट किनाऱ्यावर मांस टिकवण्याची एवढी विचारपूर्वक रीत घडवणाऱ्या घरगुती स्वयंपाकिणींचे श्रेय मोठे आहे, आणि ते त्यांना पुरेसे मिळालेले नाही असे मला वाटते.

मुंबईत ही चव दोन वाटांनी आली. 1534 च्या वसईच्या तहाने मुंबई बेटे आणि साष्टी पोर्तुगीजांकडे गेली. बेटे 1665 मध्ये इंग्रजांच्या ताब्यात आली, तरी साष्टी आणि वसई 1737 ते 1739 च्या मराठ्यांच्या मोहिमेपर्यंत पोर्तुगीजांकडेच राहिली. त्या काळात ख्रिस्ती झालेल्या स्थानिक मराठीभाषक समाजाने, म्हणजे पुढे ईस्ट इंडियन म्हणून ओळखल्या गेलेल्या लोकांनी, शिरक्यातले डुकराचे मांस आपलेसे केले. त्यांचे पोर्क इंद्याल आणि सोरपोतेल त्याची साक्ष देतात. दुसरी वाट एकोणिसाव्या शतकातील गोवेकरांची. बोटींवर, घरकामात आणि बेकऱ्यांत रोजगार शोधायला आलेले हे लोक धोबीतलाव, माझगाव या भागांत आपापल्या गावाच्या कूडमध्ये, म्हणजे गावकऱ्यांच्या सामाईक निवासात, उतरत आणि गावाहून परतताना सॉसेजच्या माळा आणत. त्यांच्यापैकी अनेक जण इंग्रजांच्या घरी आणि जहाजांवर आचारी होते. इंग्रजी न्याहारी शिजवणारे हात आणि चोरीस-पाव (गोव्याचे हे सॉसेज आणि पाव) खाणारे हात अनेकदा एकच होते.

ताज्या सॉसेजसाठी लागणारी थंडी मात्र बाहेरून आणावी लागली. बॉस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरने 1833 मध्ये अमेरिकेतील तळ्यांवरचा बर्फ जहाजाने कलकत्त्याला पाठवला आणि लवकरच मुंबईतही असा बर्फ येऊ लागला. पुढे यंत्राने बर्फ तयार होऊ लागला, तरी त्याचा नियमित वापर दीर्घकाळ सधन घरांपुरताच राहिला. गोदरेजने 1958 मध्ये भारतीय बनावटीचा फ्रिज बाजारात आणला. त्यानंतरच्या दशकांत फ्रिज मध्यमवर्गीय घरांत शिरला, तेव्हा कच्चा खिमा रात्रभर मुरवून सकाळी तळणे सामान्य घराला परवडू लागले.

थंडीचा हा आग्रह अनाठायी नाही. जर्मनीतील वुर्टेंबर्गमध्ये युस्टिनुस केर्नर या वैद्याने 1820 च्या सुमारास सॉसेजमधून होणाऱ्या जीवघेण्या विषबाधेचे सविस्तर वर्णन केले, तर तिला कारणीभूत असलेला जिवाणू 1895 मध्ये बेल्जियममध्ये एमिल व्हान एर्मेंगेम याने शोधला. हा जिवाणू हवाबंद, कमी आम्लाच्या जागी वाढतो. त्यामुळे टिकाऊ सॉसेज करताना मीठ, आम्ल आणि नायट्राइट या मांस टिकवणाऱ्या क्षाराचे प्रमाण अचूक लागते, आणि अनुभवी मार्गदर्शन नसताना ते घरी करून पाहू नये. ताजे सॉसेज त्या मानाने सोपे आहे.

1 किलो मिश्रणात साधारण 700 ग्रॅम मांस, 300 ग्रॅम चरबी आणि 15 ते 18 ग्रॅम मीठ धरावे. खिमा शक्यतो खाटकाकडून यंत्रावर काढून आणावा, कारण मिक्सरच्या पात्यांच्या उष्णतेने चरबी वितळते आणि तळताना टिक्कीतून तूप सुटून ती रवाळ, कोरडी होते. खिमा आणि भांडे दोन्ही गार करून मीठ-मसाला घालावा व मिश्रण हाताला चिकटेपर्यंत मळावे. मिठामुळे मांसातील प्रथिने सुटी होऊन टिक्की बांधली जाते. लहानसा गोळा तळून चव पाहिल्याशिवाय बाकीच्या टिक्क्या थापू नयेत. कच्च्या टिक्क्या 4 अंश सेल्सिअसपेक्षा गार जागी एक-दोन दिवसच ठेवाव्यात, त्याहून अधिक दिवस ठेवायच्या असल्यास गोठवाव्यात. मंद आचेवरच्या बिडाच्या तव्यावर त्यांचा गाभा 71 अंशांपर्यंत पोचला पाहिजे. कोंबडीच्या खिम्यासाठी हीच मर्यादा 74 अंश आहे.