आदर्श निसर्गचित्रण (अमेरिका)

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत रुजलेली निसर्गचित्रणाची रीत. समोरचे दृश्य जसेच्या तसे न उतरवता चित्रकार ठिकठिकाणच्या रेखाटनांतून डोंगर, झाडे, पाणी, आभाळ वेचून स्टुडिओत चित्राची रचना करी. तिचे मूळ युरोपात, विशेषतः सतराव्या शतकातील क्लोद लोरँ व साल्व्हातोर रोझा यांच्या चित्रांत आहे. लंडन आणि रोममध्ये राहून आलेल्या वॉशिंग्टन ऑल्स्टन (१७७९–१८४३) याचे ‘चांदण्यातील निसर्गदृश्य’ (१८१९) हे तिचे एक आरंभीचे अमेरिकन उदाहरण.

तिला भक्कम पाया दिला तो टॉमस कोलने (१८०१–४८). मूळचा इंग्लंडमधील लँकेशरचा कोल १८१८ मध्ये अमेरिकेत आला. १८२५ मध्ये हडसन नदीकाठी फिरून त्याने काढलेली चित्रे न्यूयॉर्कमध्ये गाजली. बाल्टिमोरचा संग्राहक रॉबर्ट गिल्मोर प्रत्यक्ष ठिकाणांच्या चित्रांचा आग्रह धरत होता. निसर्गातले उत्तम ते एकत्र आणून रचलेले चित्र एकाच जागेवरून काढलेल्या चित्राहून सरस ठरते, असे कोलने त्याला कळवले.

या चित्रांत काय वगळले आहे, हेही पाहण्यासारखे आहे. हडसन नदीजवळच्या कॅट्सकिल डोंगरात १८२४ मध्येच पर्यटकांसाठी हॉटेल उघडले होते आणि काटरस्किल धबधब्यापाशी कठडेही होते. या धबधब्याच्या कोलने १८२६ मध्ये काढलेल्या चित्रात मात्र यातले काही नाही. आहे तो कड्यावर उभा एकटा मूळनिवासी. मूळनिवासींना मिसिसिपीपलीकडे हटवण्याचा कायदा झाला तो चारच वर्षांनी, १८३० मध्ये. तरीही कोलला निव्वळ स्वप्नरंजन करणारा म्हणता येत नाही. ‘ऑक्सबो’ (१८३६) या चित्रात डावीकडे वादळी रान आणि उजवीकडे कनेटिकट नदीच्या वळणातली शेते आहेत. खाली खडकांत चित्र काढणारा स्वतः कोल दिसतो. ‘साम्राज्याचा प्रवास’ (१८३३–३६) या पाच चित्रांच्या मालिकेत एकच कल्पित प्रदेश रानटी अवस्थेपासून वैभवापर्यंत आणि पुढे भग्नावशेषांपर्यंत जातो.

कोलचा मित्र अ‍ॅशर ड्युरँड याने १८५५ मधील आपल्या पत्रलेखांत होतकरू चित्रकारांना आधी थेट निसर्गासमोर बसून काम करण्याचा सल्ला दिला. कोलच्या निधनानंतर त्याच्या स्मरणार्थ काढलेल्या ‘समानशील’ (१८४९) या चित्रात मात्र त्याने काटरस्किलचा धबधबा आणि दरी एकत्र रंगवली होती. प्रत्यक्षात ती दोन्ही एका जागेवरून तशी दिसत नाहीत.